पहिल्या धारेची

पुण्यातल्या एका पबमध्ये मित्र मला इंग्लिश ‘बिटर’ पारखायला शिकवत होता. आधी ग्लास उजेडात धरायचा. रंग तांब्यासारखा हवा, बिअर नितळ हवी. मग वास, मग घोट. माल्टचा गोडवा आधी येतो, हॉप्सचा कडवटपणा मागून, आणि एकानं दुसऱ्याला दाबायचं नाही. बर्फगार नको, तळघराइतकी गार, 11 ते 13 अंश सेल्सिअस. साधी बिटर जेमतेम चार टक्क्यांची असते, तासभर गप्पा मारत प्यायची.

मला आमच्या कोरपना तालुक्यातल्या कोलामगुड्यावरची एक म्हातारी आठवली. मोहाची दारू उतरली की ती थोडी चुलीत टाकायची. निळा जाळ उठला तर ठीक. मग तळहातावर चोळून वास घ्यायची, हंडीचा तळ करपला का ते बघायला. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. तो अशाच पारखीतून आलाय. पहिली धार कडक असते, पुढे पाणी वाढत जातं.

गंमत म्हणजे इंग्रजही पूर्वी हेच करायचे. दारूनं भिजवलेली बंदुकीची दारू पेटली, तर माल ‘प्रूफ’. 1816 च्या कायद्यानं त्यांनी हे काम साइक्सच्या हायड्रोमीटरकडे दिलं, कारण कर मोजायचा होता. महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क आजही ‘प्रूफ लिटर’मध्ये मोजतात.

इथं मात्र पारख करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं गेलं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावची भट्टी सरकारी ताब्यात गेली. 1892 च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. कोरपना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, पण अबकारीची भूक तिथंही मोठी होती.

इंग्लंडमधल्या चार तरुणांनी 1971 साली ‘कॅमरा’ ही संघटना काढली. कारखान्यांच्या पाश्चराइज्ड बिअरपुढं पिंपातली जिवंत बिटर संपत चालली होती. त्यांनी ती उघडपणे चाखली, चांगली-वाईट ठरवली, आणि ती टिकली.

आपल्याकडचा हिशोब इतका सोपा नाही. 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला चालत गेलेल्या बायकांनी दारूबंदी मागितली, ती घरात मार खाऊन. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरात बंदी आली. त्याच जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली. मिथेनॉल जिभेला कळत नाही, चुलीतल्या जाळालाही नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते, आणि चोरून विकलेला माल तिथं कोण नेणार?

2021 मध्ये आमच्याकडची बंदी उठली. दुकानं उघडली, कारखान्याच्या बाटल्या आल्या. म्हातारीची हंडी तेव्हाही बेकायदा होती, आजही आहे. मित्राला हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, “चव कशी असते?” मी म्हटलं, सुकलेल्या फुलांसारखी, थोडी धुरकट. ग्लासात ओतून, उजेडात धरून मी ती कधी पाहिलीच नाही.