सेमिनरी टेकडी आणि तिचा उन्हाळा

नागपुराविषयीं लिहावयास बसलें म्हणजे तेथील उन्हाळ्याच्या नांवानें बोटें मोडल्यावांचून लेखणी पुढें सरकत नाहीं. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि ज्याला शक्य असेल तो गांव सोडतो. परंतु शहराच्या पश्चिम भागांत सेमिनरी टेकडी म्हणून जी हिरवी टेकडी आहे, तिच्यावर याच दिवसांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक, पिवळाधमक हळद्या, रात्रंदिवस ओरडणारा पावशा, आणि रोहिणीच्या सुमारास नवरंग व चातक. पहाटे वर जावें. ऊन तापूं लागलें कीं सारें चिडीचूप होतें. असें असून या शहराच्या लिखित इतिहासांत या हंगामाला जवळजवळ जागा नाहीं. याचें कारण शोधूं गेल्यास तें पक्षिशास्त्रांत न सांपडतां राज्यकारभाराच्या इतिहासांत सांपडतें.

प्रथम टेकडी हिरवी कशी राहिली तें पाहूं. दख्खनचा काळा पाषाण पूर्वेकडे सरकत सरकत नागपुराशीं येऊन संपतो. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ मध्यें नागपुरास आले आणि धर्मप्रसाराच्या कामांतून सवड काढून त्यांनीं येथील दगडांचा अभ्यास केला. त्यांचा व त्यांचे सहकारी हंटर यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. पातळ मातीच्या अशा उंचवट्यांवर नांगर चालत नाहीं, म्हणून शेतकऱ्यानें त्यांचा लोभ धरला नाहीं. लोभ धरला तो सत्तेनें. सीताबर्डीच्या जोड टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं आप्पासाहेब भोसल्यांचें राज्य पणाला लागलें. त्यांच्या पराभवानंतर तेथें जो किल्ला उभा राहिला, तो आजही लष्कराच्या ताब्यांत असून वर्षांतून मोजके दिवसच सामान्य जनांस उघडा असतो. चीफ कमिशनरासाठीं १८९१ मध्यें बांधलेलें भवन, म्हणजे पुढें राजभवन म्हणून ओळखलें गेलेलें, तेंही असेंच झाडींत दडलेलें. सेमिनरी टेकडीला तर ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयावरूनच नांव मिळालें, आणि तिचा बराच भाग वनखात्याकडे आहे. येथें झाडें टिकलीं याचें श्रेय नागरिकांच्या वृक्षप्रेमास देण्यास मी धजत नाहीं. फाटकें बंद होतीं, एवढेंच.

आतां उन्हाळ्याकडे वळूं. मध्यप्रांत १८६१ मध्यें अस्तित्वांत आला. त्याची राजधानी नागपूर खरी, पण उन्हाळी राजधानी सातपुड्यांतील पचमढी. ऊन चढूं लागलें कीं दप्तरें बांधून सरकार डोंगरावर जाई. अंमलदारांचे दौरे थंडीच्या दिवसांत निघत. तंबू पडत, बंदुका बाहेर येत, आणि तळ्यांवरचीं बदकें व पाणलावे यांची गणती सायंकाळच्या ताटावर होई. पक्ष्यांविषयीं लिहिणारे गृहस्थ पुष्कळसे याच वर्गांतले. त्यांची लेखणी हिवाळ्यांतच अधिक चालली असावी, असा माझा तर्क आहे. गंमत अशी कीं, १९६० पासून महाराष्ट्राच्या विधिमंडळाचें अधिवेशन नागपुरास भरतें, तेंही हिवाळीच. सरकार आणि बदकें हे दोन्ही या शहराचे हिवाळी पाहुणे आहेत.

अपवाद होता तो अजायबघराचा. १८६३ मध्यें स्थापन झालेलें हें मध्यवर्ती संग्रहालय कांहीं पचमढीस हलवितां येत नव्हतें. तेथील क्यूरेटर ई. ए. डी'अब्रू यांनीं मध्यप्रांतांतील पक्षी कोणकोणते कीटक खातात यावर १९२० मध्यें टिपण प्रसिद्ध केलें, आणि १९३५ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रांतांतील पक्ष्यांची यादी छापली. त्यांचें नांव आज नागपुरांत किती जणांस ठाऊक असेल? पक्ष्यानें काय गिळलें हें पाहणारा मनुष्य त्याचें मांस मोजणाऱ्याहून निराळ्या जातीचा असतो.

परंतु उन्हाळ्याची खरी नोंद ठेवली ती कुणब्यानें. पावशा त्याला 'पेरते व्हा' म्हणून बजावतो, आणि मृग लागण्याआधीं तिफण दुरुस्त झाली पाहिजे हें तो त्यावरून ताडतो. त्याही मागें जावयाचें तर मेघदूताकडे जावें लागेल. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मतें काव्यांतील रामगिरि म्हणजे नागपुराजवळचें रामटेक. तें मत मान्य केल्यास, मेघाच्या डाव्या अंगास गोड बोलणारा कालिदासाचा चातक हा या भागांतील पावसाळी पाहुण्याचा फार जुना उल्लेख ठरतो. हा चातक आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून पावसाच्या पुढें येतो, आणि पावशाप्रमाणें आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत टाकतो. म्हणजे सातभाईंना काटेरी झुडपें नसतील तर कवींच्या लाडक्या पक्ष्यालाही घर नाहीं. मराठींत हें रानांतलें ज्ञान ग्रंथांत आणण्याचें श्रेय मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचें. वनखात्याच्या नोकरींत आदिवासी व कोळी यांच्या तोंडचे शब्द वेंचून त्यांनीं तीं पांखरें आपल्या भाषेंत वसविलीं.

टेकडीचीं फाटकें आतां पुष्कळशीं उघडलीं आहेत, आणि तें योग्यच झालें. मुलांसाठीं बालोद्यान झालें, फिरावयास येणाऱ्यांसाठीं वाटा झाल्या. मात्र उद्यान आणि रान यांतला भेद नवरंगाला आपल्यापेक्षां अधिक कळतो. हा आंखूड शेपटीचा, अनेक रंगांचा पक्षी फांदीपेक्षां जमिनीवर अधिक वावरतो. पडलेला पालापाचोळा चोंचीनें उलटवावा, खालचे किडे व गांडुळें टिपावीं, आणि काटक्यापानांचें गोळ्यासारखें घरटें करून पावसाळ्यांत पिलें वाढवावींत, हा त्याचा क्रम. झाडलेल्या, पाणी घातलेल्या हिरवळीवर त्याचें कांहींच काम नसतें. आपण ज्याला केर म्हणून गोळा करून पेटवितों, तें त्याचें कोठार होय. टेकडीचा कांहीं भाग तरी झाडूपासून आणि फरशीपासून दूर ठेवावा, एवढी मागणी नगररचनाकारांस जड वाटूं नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दुहेरी शीळ ऐकूं येते. वैशाखांत जी टेकडी मुकी होती ती तिनें एकदम जागी होते. पिलें उडतीं झालीं कीं तो दक्षिणेकडे आणि थेट सिंहलद्वीपापर्यंत निघून जातो. पूर्वीं साहेबांचे तंबू पडत, तोंवर तो गेलेला असे.