वैलावरचं कढण

गेल्या महिन्यात गटांच्या बैठकांतून एकच मागणी पुन्हा पुन्हा आली. पावसाळी गारठ्यात सगळ्या घराचं पोट भरेल असं काहीतरी गरम आणि दाट सांगा, गॅस कमी जाळणारं सांगा, शहरात सूप म्हणतात तसं. कृती सांगणारच आहोत. पण आज आधी तिचा इतिहास सांगू द्या, कारण हे सूप आपल्या चुलीवर फार जुनं आहे. ते कुणी, कधी आणि कशापायी शिजवलं हे शाळेच्या पुस्तकात कुठं आलेलं नाही.

आपण बोलतोय हुलग्याबद्दल. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात, संस्कृतात कुलत्थ. इंग्रजांनी त्याला घोड्याचा हरभरा असं नाव दिलं, कारण त्यांनी तो घोड्यापुढं टाकलेला पाहिला. आपल्याकडेही बैलांच्या खुराकाला हुलगा शिजायचा, ते खोटं नाही. पण माणसाच्या पोटात तो किती आधीपासून आहे ते ऐका. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा सापडल्या आणि जळून काळे झालेले दाणे मिळाले. त्यात जव होतं, मसूर होती, आणि हुलगाही होता. म्हणजे साताऱ्याचं नाव सातारा पडायच्या कितीतरी आधी या दुष्काळी पट्ट्यातली कुणी बाई हुलगे शिजत घालत होती.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात हुलगा का टिकला हे तुम्हाला सांगायला नको. हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस, तरी हा वेल चार शेंगा देतोच. मात्र दाणा कठीण. भिजवला तरी लवकर शिजत नाही, मोठा जाळ करून तर मुळीच नाही. वरून पाणी आटतं आणि आत दाणा टणक राहतो. त्याला मंद विस्तव आणि वेळ लागतो.

वेळ होता कुठं बाईकडं? म्हणून वैल. नव्या सुनांना वैल माहीत नसेल, तर सांगतो. मातीच्या चुलीला शेजारी दुसरं तोंड असायचं, त्यात लाकूड घालायचं नाही. मोठ्या चुलीवर भाकरी व्हायची आणि तिकडून येणारी उरलीसुरली धग वैलावरच्या गाडग्याला मिळायची. भाकरी संपली की निखारे मागं ओढायचे, त्यावर राख सारायची, गाडग्यावर परळ झाकायचं आणि बाई रानात निघायची. दुपारी परत येईपर्यंत हुलगे मऊ. दाणे उसळीला घ्यायचे, खालचं लालसर पाणी म्हणजे कढण. त्याला लसूण, जिरं, मिरचीचा ठेचा लावला की भाकरी कुस्करायला झालं. हुलगे भाजून, जात्यावर भरडून त्याचं पीठ पाण्यात शिजवलं की ते माडगं. कुणी ते गूळ-सुंठ घालून गोड करतं, कुणी तिखट. आमचं मत विचाराल तर सर्दीला तिखटच.

आता दुष्काळाकडं येऊ.

१८७६ साली पाऊस गेला. त्या दुष्काळात सगळा दख्खन होरपळला आणि सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग त्यात होता. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता हे लक्षात ठेवा. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा त्यातच होते, आटपाडी औंध संस्थानात होती. सांगलीचा वेगळा जिल्हा १९४९ ला झाला, तोही आधी दक्षिण सातारा या नावानं. तर इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली. मुंबई इलाख्यात सुरुवातीला रोज ठरला तो असा: पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, काम करू शकणाऱ्या पोराला एक आणा. खडी तीच, टोपलं तेच, ऊन तेच. पुढं धान्याचे भाव चढले तेव्हा पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा असा हिशोब आला, बाईला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी. दिवसभर माती वाहणाऱ्याला तेवढं! मग १८७७ च्या जानेवारीत रोज आणखी कापला, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली.

मद्रास इलाख्यात कॉर्निश नावाचे आरोग्य खात्याचे डॉक्टर होते. त्यांनी सरकारला बजावलं की एक पौंड धान्यात माणूस जगत नाही, धान्य वाढवा आणि सोबत डाळ, भाजी द्या. सर रिचर्ड टेंपल मात्र एक पौंड पुरतं म्हणत राहिले, आणि त्याच साली ते मुंबईचे गव्हर्नर झाले. ही भांडणं कागदावर नीट नोंदलेली आहेत. पण नुसत्या ज्वारीवर अंग धरत नाही, बरोबर कडधान्य लागतं, हे कॉर्निशसाहेबांच्या आधी ज्यांना माहीत होतं, त्यांचं मत कुणी विचारलं नाही. माण आणि आटपाडीच्या शिवेवरचा राजेवाडीचा तलाव आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो अशाच इंग्रजी काळातल्या दुष्काळी कामांतून उभा राहिला. त्याच्या भिंतीतले दगड मोजता येतात, पण तिथं राबणाऱ्यांना रात्री कुणी काय शिजवून घातलं ते कुठल्या वहीत नाही.

असंच प्रतिसरकारचं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागं कुंडल आणि आसपासची गावं उभी राहिली. भूमिगत माणसं रात्री-अपरात्री येत, जेवत, उजाडायच्या आत जात. हौसाताई पाटलांसारख्या काही जणींची नावं आज घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. पण अचानक आलेल्या चार-सहा माणसांपुढं गरम काही ठेवायचं तर घरात आधीच काहीतरी निखाऱ्यावर असावं लागतं. ते ठेवणाऱ्या बायांची यादी कुणी केली नाही. कुंडल, वाळवा, तासगावकडच्या गटांना आमची विनंती आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे विचारून लिहून ठेवा. फार दिवस हातात नाहीत.

१९७२ मात्र आपल्या आठवणीतलं आहे. निदान आपल्या सासवांच्या. आमच्या गटांतल्या साठी-सत्तरीच्या बायकांपुढं त्या सालाचा विषय काढा, पहिला शब्द येतो 'मिलो'. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची, तिची चव काहींना अजून आवडीनं आठवते. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायांची संख्या मोठी होती.

सकाळी अंधारात उठून चार-पाच मैल चालत कामावर जायचं तर स्वयंपाक कधी करायचा? एका आजींनी आम्हाला सांगितलं ते असं, की रात्री भाकरी झाल्यावर निखाऱ्यात हुलग्याचं गाडगं पुरायचं आणि पहाटे उठून त्यातच मिलोच्या कण्या सोडायच्या. भाकरी होत नव्हती ना तिची, मग कण्याच बऱ्या. घाटून दाट केलं की सगळ्यांचं पोट भरायचं, आणि भांडं झाकून ठेवलं तर घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना दुपारीही कोमट मिळायचं. पाणी लांबून आणायचं, म्हणून हुलगे भिजवलेलं पाणीसुद्धा फेकत नसत.

इथं एक अभिमानाची गोष्ट सांगायलाच हवी. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे ते अठरा वर्षं सभापती होते. योजनेचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातच झाला. दुष्काळानंतर १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यात बाई आणि पुरुष यांना एका कामाचा एकच दर. दीड आण्यापासून तिथवर यायला शंभर वर्षं लागली.

आता गंमत बघा. इकडं १९७२ चा दुष्काळ पडत होता, त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एक विजेचं भांडं बाजारात आलं, क्रॉक-पॉट. मातीसारखं जाड भांडं आणि भोवती मंद तापणारी तार. सकाळी कडधान्य, भाजी, मटण, पाणी घालायचं, बटण दाबून नोकरीला जायचं, संध्याकाळी जेवण तयार. नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. त्यामागची मूळ युक्ती नॅक्सन नावाच्या माणसाची, त्याला १९४० मध्ये तिचं पेटंट मिळालं होतं. त्याला ती सुचली आईच्या गोष्टीतून. युरोपात लिथुआनियातल्या त्यांच्या ज्यू वस्तीत शनिवारी विस्तव पेटवायचा नाही असा धर्माचा नियम. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची घेवड्याची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायची, रात्रभरात ती शिजायची. भट्टी त्यांची आणि वैल आपला, फरक काय?

आपल्या देशातही असा कुकर निघाला होता. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. एकावर एक डबे, खाली कोळशाची शेगडी. सकाळी भरून ठेवला की वरण, भात, भाजी आपोआप. नंतर १९५९ च्या सुमारास आपल्याकडं शिट्टीचे कुकर बनू लागले आणि सगळं घाईचं झालं. शिट्टीच्या कुकरला नावं ठेवायची नाहीत, त्यानं बायांचे तास वाचवले. पण त्याच्यासोबत चुली गेल्या, वैल गेला, आणि हुलगा 'गरिबाचं खाणं' म्हणून मागं पडला. पाहुणे आले की कढण लपवून डाळीचं वरण पुढं करणारी घरं आम्हाला माहीत आहेत. तेच कढण आता शहरातल्या हॉटेलात छोट्या वाटीत सूप म्हणून येतं.

वैलावरच्या गाडग्याचं सगळंच गोड नव्हतं, तेही बोलू. गाडग्यात दाट खाली बसतं आणि पातळ वर राहतं. डाव खालून घालून आधी पुरुषांना, मग पोरांना वाढायचं आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पाणी विसळून घेतलेलं. हे आमच्या बैठकीत निघालं तेव्हा हसू आलं सगळ्यांना, आणि मग कुणी बोललं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांमध्ये रक्त कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत ४८ होत्या. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं, लोहही चांगलं असतं. पण ते तळाशी बसलेल्या दाण्यात असतं, वरच्या पाण्यात फार थोडं.

तर कृती. पाच-सहा माणसांना पाव किलो हुलगे निवडून, खडे काढून, रात्री भिजत घाला. सकाळी जाड बुडाच्या भांड्यात दोन लिटर पाणी, हुलगे, एक कांदा, थोडी हळद. मीठ आत्ता नको. भांडं पाऊण तरी भरलेलं हवं, अर्धं रिकामं असेल तर ऊब टिकत नाही. खळखळ उकळी आली की झाकण ठेवून मध्यम आचेवर अर्धा तास शिजू द्या. हा अर्धा तास कमी करायचा नाही. मग गॅस बंद करा आणि झाकण न उघडता भांडं तसंच उचला. मोठ्या पाटीत कडब्याची कुट्टी किंवा भुसा घालून मध्ये खड्डा केलेला असेल त्यात ठेवा, वरून जुनी गोधडी दाबून बसवा. युरोपात दोन्ही महायुद्धांच्या काळात कोळसा मिळेना, तेव्हा तिथल्या बायका अशाच गवताच्या पेटीत रांधायच्या. पाच तासांत हुलगे मऊ होतात. सहा तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कोमट अन्न लवकर बिघडतं.

रानातून आल्यावर भांडं पुन्हा गॅसवर ठेवून चांगली उकळी आणा. निम्मे दाणे डावानं घोटा. मूठभर ज्वारीच्या कण्या किंवा भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून सोडा, शेवग्याचा पाला असेल तर ओंजळभर टाका, मीठ घाला. दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा, नाहीतर बुडाला लागतं. वरून तेलात लसूण, जिरं, लाल मिरचीची फोडणी. ताटात घेतल्यावर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. आणि त्यावर लगेच चहा घेऊ नका, चहा ते लोह अडवतो.

वाढताना डाव तळापर्यंत घालून ढवळायचं, प्रत्येक वाटीच्या वेळी. बायांनीही त्याच पंगतीला बसायचं. माण तालुक्यातल्या एका गटानं गेल्या हिवाळ्यापासून बैठकीच्या दिवशी असं भांडं पाटीत घालून आणायला सुरुवात केली आहे, वर्गणीतून हुलगे घेतात आणि आळीपाळीनं शिजवतात. उरलं तर त्यात थोडं गरम पाणी घालून, नीट उकळून रात्रीच संपवा.