पुरलेलं तांबं फुकट नसतं

तांब्याची तार स्वस्त की काचेची? आमच्या बोरगाव मेघेत हा प्रश्न विचारला, तर लोक महिन्याच्या प्लॅनचा आकडा सांगतील. मला त्याच्या आधीचा हिशोब महत्त्वाचा वाटतो.

ऑक्टोबर 2004 मध्ये केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं. किमान 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, असं त्यात ठरलं. आज त्या वेगात एक रीलही धड चालणार नाही. तेव्हा देशात सुमारे 4 कोटी लँडलाइन होत्या, म्हणजे तांबं आधीच पुरलेलं होतं. एक्स्चेंजमध्ये एक यंत्र, घरात मोडेम, की झालं! 2005 मध्ये बीएसएनएलने याच तारांवरून ब्रॉडबँड सुरू केलं. रस्ते नव्याने खोदण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त होतं. त्या वेळी तो निर्णय योग्यच होता.

गोम होती अंतरात. तांब्यात सिग्नल लांब जाईल तसा क्षीण होतो. एडीएसएल2+ चा कागदावरचा वेग 24 एमबीपीएस, पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर त्यातले जेमतेम एक-दोन उरतात. बिल तेच, वेग मात्र घर कुठे आहे त्यावर. शिवाय प्रत्येक घराला वेगळी जोडी, पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी, आणि भंगारात भाव असल्यामुळे चोरी. हा खर्च दरवर्षीचा.

काचेचं गणित उलटं आहे. तंतू स्वतः महाग नाही, महाग आहे खोदकाम, परवानग्या आणि मजुरी. पण एकदा टाकला, की विजेशिवाय चालणाऱ्या स्प्लिटरने एकाच तंतूवर 32 किंवा 64 घरं जोडता येतात, तीही वीसेक किलोमीटरपर्यंत. पुढे वेग वाढवायचा तर टोकाची यंत्रं बदलायची, तार तीच राहते.

मग पहिला खर्च कोणी करायचा? 2011 मध्ये केंद्राने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. बोरगाव मेघे वर्ध्याला चिकटलेलं, जनगणनेत शहर, कारभाराला ग्रामपंचायत. पण ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आलेला तंतू म्हणजे घरात आलेलं इंटरनेट नव्हे. शेवटचा तुकडा खासगी कंपनी टाकते ती दाट वस्तीत, कारण तिथे खर्च लवकर निघतो. विरळ वस्तीतल्या घराला वाट पाहावी लागते.

म्हणून 'कोणती तार स्वस्त' या प्रश्नाला मी आणखी दोन जोडतो: किती वर्षांसाठी, आणि गावातल्या कितव्या घरापर्यंत?