भात, भाकरी, पाव : ठाणे-कल्याण परिसरातील धान्यनामांचा ऐतिहासिक विचार

ठाणे परिसराच्या महसुली कागदपत्रांत वारंवार येणारा 'भात' हा शब्द वरकरणी निरुपद्रवी वाटतो. संस्कृत 'भक्त' या शब्दापासून तो आला असून त्याचा अर्थ शिजवलेले अन्न असा होता. कोकणपट्टीत मात्र ताटात वाढला जातो तो भात आणि शेतात उभे असते तेही भात. फरक केवळ लिंगाचा. ताटातला 'तो' भात, शेतातले 'ते' भात, आणि मधल्या अवस्थेतील दाणा म्हणजे तांदूळ. पूर्व विदर्भातील शेतकरी याच पिकाला 'धान' म्हणतो. अन्नाचे नाव मागे सरकून पिकास चिकटावे, ही घटना त्या अन्नावरील समाजाच्या संपूर्ण अवलंबनाची निदर्शक मानावी लागते.

1534 च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. तांदळासाठी त्यांच्याजवळ 'अर्रोझ' हा अरबी मूळाचा शब्द होता. तथापि तुसासह असलेल्या धान्यासाठी त्यांनी इथलाच शब्द उचलला. अंतोनियो नुनेश याच्या 1554 च्या वजनमापांवरील ग्रंथात 'बाते' व त्याचे माप 'मुरा' यांची नोंद आहे. हे आपले भात आणि मुडाच होत. पुढे मुंबईकर इंग्रजांनी त्याचे 'बॅटी' केले आणि मुंबई-साष्टीतील खाचरांना ते 'बॅटी फील्ड्स' म्हणू लागले. कालांतराने मलय भाषेतून आलेल्या 'पॅडी'ने या शब्दाला हुसकावले. एकाच खाचराची ही तीन नावे आहेत, याचे भान नसेल तर तीन प्रकारची जमीन कल्पिली जाण्याचा धोका आहे.

याहून गंभीर चूक 'मिल्यु' या पोर्तुगीज शब्दाबाबत संभवते. अमेरिकेतून मका येण्यापूर्वी या शब्दाने भरडधान्याचा बोध होत असे; नंतर तो मक्यास लागला. सोळाव्या शतकातील उल्लेखाचे भाषांतर सरसकट 'मका' असे केल्यास मक्याच्या आगमनाचा काळच चुकतो. कंपनीच्या पत्रव्यवहारातील 'कॉर्न'चेही तेच. इंग्लंडात तो गहू किंवा धान्यमात्र, अमेरिकेत मका. खुद्द मक्याला तरी घर कोठे आहे? इटालियन त्याला तुर्की धान्य म्हणतो, तर तुर्क 'मिसिर', म्हणजे इजिप्त!

नाचणी आणि नागली ही एकाच धान्याची नावे. दक्षिण कोकणात पहिले, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत दुसरे प्रचलित आहे.

रेल्वे 1853 मध्ये ठाण्यास व 1854 मध्ये कल्याणास पोहोचली आणि घाटावरील माणसांचे येणे वाढले. त्यामुळे 'भाकरी' या एकाच शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ शेजारी आले. आगरी-कोळी घरांत भाकरी म्हणजे तांदळाची, हे सांगावेच लागत नाही. देशावरून आलेल्यास ती ज्वारी-बाजरीचीच. डोंबिवलीच्या चाळींत 'पोळी' की 'चपाती' हा वादही असाच चालत आला, कारण कित्येक कोकणी घरांत पोळी म्हटली की पुरण आलेच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी, जिचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले, 'मानी' हा शब्द आणला. सिंधीत मानी म्हणजे रोटी. मराठी कानाला तो स्वाभिमानी माणसाचा वाटावा, ही गंमत.

'पाव' हा तर सरळ पोर्तुगीज 'पांव'. पायांनी मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निराधार आहे. पण तिच्यामागे विटाळाची भावना दडलेली दिसते. परधर्मीयाच्या हातचा पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत दृढ होती. म्हणूनच 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या दीक्षाविधीत ख्रिस्ती भट्टीतला पाव खाण्यास स्थान मिळाले, आणि तेही गुप्तपणे. आज ठाण्या-डोंबिवलीत तो शब्द वड्याबरोबर निर्वेधपणे उच्चारला जातो. त्याच पिठाच्या कापलेल्या चकत्यांना मात्र कोणी पाव म्हणत नाही; त्या 'ब्रेड' झाल्या आहेत.