हिंकलीच्या विहिरी

आजची गोष्ट कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या हिंकली गावाची. तिथे ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ कंपनीचं केंद्र होतं, नळातून गॅस पुढे ढकलणारं. थंड करायच्या पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून १९५२ ते १९६६ त्या पाण्यात क्रोमियम घालत. वापरलेलं पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडून देत. ते मुरत मुरत विहिरींपर्यंत गेलं.

क्रोमियमची दोन रूपं. तीन संयुजांचं बहुतेक मातीला धरून बसतं. सहा संयुजांचं विरघळून पाण्याबरोबर चालतं. घातक ते हेच. उकळून जात नाही बरं का. पाणी आटतं, ते राहतं.

कंपनीने सरकारला कळवलं १९८७ साली! पुढे वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या एरिन ब्रोकोविचला घरखरेदीच्या फायलीत रक्ततपासणीचे कागद दिसले. घराच्या कागदांत रक्ताचं काय काम? तीन मुलांची आई, कायद्याची पदवी नाही. पण ती दारोदार फिरली. १९९३ला दावा, १९९६ला ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड.

२००० सालचा सिनेमा इथेच संपतो. पण पैसे मिळाले म्हणून विहीर शुद्ध होत नाही. मग जमिनीत इथेनॉल सोडून सहाचं तीन करू लागले. उपसलेलं पाणी लसूणघासाला दिलं, तेच काम मातीतले जिवाणू करतात. पिण्याच्या पाण्यात या क्रोमियमची वेगळी मर्यादा कॅलिफोर्नियाने २०१४ला घातली, २०१७ला कोर्टाने ती रद्द केली, २०२४ला पुन्हा आली: लिटरमागे १० मायक्रोग्रॅम.