सालबर्डीचें ऊन पाणी

जपानांत ऊन पाण्याच्या झऱ्यापाशीं वाटसरूंचें घर उभें राहिलें. वऱ्हाडांत देऊळ उभें राहिलें. यामानाशी प्रांतांतील केइउनकान ही पांथशाळा इ. स. ७०५ पासून चालत आल्याचें मानतात. अशा घरीं पाहुणा आधीं बाहेर अंग धुतो, मगच कुंडांत उतरतो. पूर्वीं शेतकरी सुगी आटोपल्यावर कित्येक आठवडे तेथें राहून औषधाप्रमाणें नेमानें स्नान करीत.

अमरावती जिल्ह्यांत मोर्शीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं सालबर्डी आहे. तेथें खडकांचे थर तुटलेले आहेत. खोल मुरलेलें पाणी तापून त्या भेगांतून वर येतें. लोकश्रद्धेनें हें स्थान सीतेच्या वनवासाशीं जोडलें. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांनीं याच डोंगरांत दीर्घकाळ तप केलें, असें महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे मुक्काम येथेंही घडला. परंतु तो विरक्ताचा, गृहस्थाचा नव्हे. गृहस्थ येतो तो महाशिवरात्रीच्या यात्रेस, आणि दर्शन घेऊन परततो.

त्यांत गांव अमरावती व बैतूल या दोन जिल्ह्यांत विभागलेलें. १९५६ पासून तीच रेषा दोन राज्यांची सीमा आहे. जपानी पांथशाळेची उपजीविकाच झऱ्यावर असल्यामुळें पाण्याची निगा हें तिचें नित्याचें काम ठरतें. यात्रा मात्र थोड्या दिवसांची. उरलेलें वर्षभर झरा कोणीं राखावा, हा सालबर्डीपुढील खरा प्रश्न आहे.