भाडेकराराची नोंदणी (सिंधुदुर्ग)

घर, खोली किंवा दुकानगाळा ठरावीक मुदतीसाठी पैसे घेऊन वापरायला देताना मालक व भाडेकरू जो लेखी करार करतात, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे म्हणजे भाडेकराराची नोंदणी. महाराष्ट्रात असे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ स्वरूपाचे असतात. मालवण किनाऱ्यावर बदलीवर आलेले शिक्षक, बँक कर्मचारी आणि पर्यटनाच्या हंगामासाठी गाळा शोधणारे व्यावसायिक हे नेहमीचे भाडेकरू. मालक मात्र पुष्कळदा मुंबईत असतो.

भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १०५). लायसन्सने केवळ वापराची परवानगी मिळते (भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ५२). करार कोणत्या प्रकारचा, हे त्याच्या शीर्षकावरून ठरत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दस्ताचा आशय व पक्षांचा हेतू पाहण्याचे तत्त्व घालून दिले. मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात (१९४७) पुढे दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालकांची धास्ती बरीचशी तेव्हापासूनची. कोकणात तिला कूळकायद्याच्या आठवणींची जोड आहे. ‘कूळ लागेल’ या भीतीने चांगली घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात. ही भीती आज अस्थानी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाचे खरे संरक्षण त्यातल्या नोंदणीकृत करारातच आहे.

या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम १७ मध्ये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून देशभर अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. कलम ५५ला मात्र मुदतीची अशी सूट नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावाच लागतो. मुद्रांकावर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारून घेतला म्हणजे काम झाले, हा समज मालवणच्या बाजारपेठेतही ऐकू येतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अधिनियम त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांना लागू असल्याने आपले गाव त्यात आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. ते नसले तरी करार नोंदवायला आडकाठी नाही, आणि तो नोंदवणेच शहाणपणाचे.

सिंधुदुर्गात गाडी अडते ती कागदपत्रांवर. घरपट्टीचा उतारा आजोबांच्या नावावर, सातबारा सामाईक, वारसांपैकी दोघे मुंबईत, एक परदेशात, आणि भाड्याने देणारा गावात राहणारा धाकटा भाऊ, असे चित्र घरोघरी दिसते. अशा वेळी वारसनोंद करून घ्यावी, निदान इतर सहहिस्सेदारांची लेखी संमती वा मुखत्यारपत्र हाती असावे. एकट्याने केलेला करार पुढे भावकीच्या वादात सापडला, तर होरपळतो तो बिचारा भाडेकरू. चतुर्थीला चाकरमानी घरी येणार असतील आणि गणपती त्याच घरात बसत असेल, तर कोणती खोली मालकाकडे राहील, ते दिवस कोणते, विहीर व अंगणाचा वापर कसा, हे करारातच लिहावे. तोंडी बोलण्यावर ठेवलेल्या याच गोष्टींवरून पुढे संबंध बिघडतात.

मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्स करारावर ०.२५ टक्के आहे. त्यासाठी मुदतीतले एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करतात. समजा भाडे महिना ९,५०० रुपये, मुदत २४ महिने, अनामत ६०,००० रुपये. भाडे २,२८,००० आणि दोन वर्षांचे व्याज १२,००० मिळून २,४०,००० रुपये. त्यावर शुल्क ६०० रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० व ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळणे कुणाच्याच हिताचे नाही. आता आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी होते आणि अधिकृत सेवा पुरवठादार ती करून देतात. मालक डोंबिवलीत व भाडेकरू मालवणात असला तरी दोघांनी एकाच दिवशी एकत्र येण्याची गरज उरलेली नाही.

नोंदणी अधिनियमानुसार झाडावरची फळे व झाडातला रस ही जंगम मालमत्ता होय. त्यामुळे हापूस कलमांचे हंगामापुरते फळ विकणे किंवा माडाची माडी काढायला देणे हे व्यवहार या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. घर व गाळा येतात.

राहण्याच्या जागेची मुदत संपूनही लायसन्सधारक निघाला नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जागा खाली होईपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. दुकान, उपाहारगृह वा डायव्हिंगच्या गाळ्याला ही झटपट वाट नाही. तिथे दिवाणी न्यायालयातच जावे लागते. म्हणून व्यावसायिक करारात मुदत, भाडेवाढ व जागा सोडण्याच्या अटी जास्त काळजीने लिहाव्यात.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून तो स्वीकारला जाऊ शकतो; तीही मुदत टळली तर नव्याने करार करावा लागतो.